बंद करा म्हणजे काय करा

संगणकावर नवे सॉफ्टवेअर चढवावे, ते चालू नये, म्हणून विक्रेत्याच्या मदतकक्षाला फोन लावावा, तर पलीकडचा मुलगा आपली तक्रार पुरती ऐकण्याआधीच सांगतो : ‘सर, आधी फायरवॉल बंद करा.’ आपण ती बंद करतो. सॉफ्टवेअर चालू लागते. तो ‘आणखी काही मदत?’ असे विचारतो, आपण आभार मानून फोन ठेवतो, आणि काम झाल्याचे समाधान दोघांनाही मिळते. गेल्या वीस वर्षांत या संवादात फारसा फरक पडल्याचे मला आढळलेले नाही.

या संवादातल्या ‘बंद करा’ या दोन शब्दांविषयी मला लिहायचे आहे. मराठीत दार बंद होते आणि दिवाही बंद होतो. दार बंद झाले म्हणजे वाट अडली; दिवा बंद झाला म्हणजे त्याचे काम थांबले. एरवी संदर्भाने अर्थ कळतो आणि या दुहेरीपणाचा कोणाला जाच होत नाही. पण ज्या वस्तूचे कामच वाट अडवणे हे आहे, ती बंद झाली म्हणजे नेमके काय झाले? वाट अडली की मोकळी झाली?

हा प्रश्न केवळ शब्दांच्या गमतीचा असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. फायरवॉल सांभाळणाऱ्या निरनिराळ्या साधनांनी त्याची निरनिराळी, क्वचित एकमेकांच्या नेमकी उलट अशी उत्तरे दिलेली आहेत. त्यांतले एक उत्तर न समजल्याची किंमत माझ्याकडून एकदा चुकवायची राहून गेली; ती कोणी चुकवली, किंवा चुकवली की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

त्या काळात मी परभणीत राहून जिल्ह्यातल्या दोन-तीन संस्थांचे संगणक सांभाळत असे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही परभणीकर थट्टेने म्हणतो आणि त्या थट्टेत थोडा खरा अभिमानही असतो. माझ्या वाट्याचा अभिमान असा होता की, आपल्याला लिनक्स येते. यांपैकी एका संस्थेचा सर्व्हर तालुक्याच्या गावी, माझ्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर होता. मुलामुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज त्यावर भरले जात. अर्ज म्हटला की नाव, जात, वडिलांचे उत्पन्न, घरचा पत्ता आणि बँकेतला खाते क्रमांक हे सारे ओघाने आलेच.

फायरवॉल म्हणजे काय, हे संस्थेच्या प्रमुखांना मी गावाच्या वेशीची उपमा देऊन समजावले होते. वेशीत एक राखणदार आहे. त्याच्या हातात यादी आहे. कोणी आले की त्याने यादी वरून खाली वाचत जायची आणि जे पहिले कलम त्या माणसाला लागू पडेल ते पाळायचे. एकही लागू पडले नाही तर यादीच्या तळाशी एक सर्वसाधारण हुकूम असतो : ‘सोडा’ किंवा ‘अडवा’. प्रमुख स्वतः खेड्यातून आलेले. त्यांना उपमा पटली. ‘म्हणजे आपल्या येसकरासारखेच की’, असे ते म्हणाले.

उपमेतली चूक मला पुढे कळली. लिनक्समध्ये वेशीत कोणी बसलेलेच नसते. २००१ च्या जानेवारीत लिनक्सच्या गाभ्याची २.४ ही आवृत्ती आली, तिच्याबरोबर आयपीटेबल्स आले. पण आयपीटेबल्स हा काही सतत जागा राहून पहारा देणारा कार्यक्रम नव्हे. तो यादी गाभ्यात लिहून ठेवतो आणि निघून जातो. पुढची सगळी अडवणूक गाभाच करतो. त्यामुळे ‘स्टार्ट’ म्हटल्यावर खरे तर काहीच ‘सुरू’ होत नाही. डिस्कवर जपून ठेवलेली यादी गाभ्यात चढवली जाते, इतकेच. आणि मग ‘स्टॉप’ म्हटल्यावर थांबवायचे काय? थांबवण्याजोगे काही चालूच नाही. तेव्हा ‘स्टॉप’ या आज्ञेला जो अर्थ आहे तो वस्तूच्या स्वभावातून आलेला नाही. आज्ञेची छोटी पटकथा लिहिणाऱ्या कोणीतरी एका दिवशी बसून तो ठरवलेला आहे.

रेड हॅट आणि तिच्या कुळातल्या सेंटओएससारख्या प्रणालींत तो असा ठरला : यादी पुसून टाका आणि तळाचा सर्वसाधारण हुकूम ‘सोडा’ असा करा. यामागचा विचार समजण्यासारखा आहे. ‘स्टार्ट’ करण्याआधी यंत्र ज्या स्थितीत होते त्या स्थितीत ते परत न्यायचे. आणि त्या आधीच्या स्थितीत भिंतच नव्हती. म्हणजे इथे ‘बंद’चा अर्थ दिव्याचा आहे, दाराचा नाही. गंमत अशी की, दाराच्या अर्थाचा ‘बंद’ ज्यांना हवा त्यांच्यासाठी त्याच पटकथेत एक वेगळी आज्ञा होती. तिचे नाव ‘पॅनिक’. ती दिली की यादी पुसली जाई आणि सर्वांना ‘अडवा’ असा हुकूम निघे. एकाच पानावर दोन्ही ‘बंद’ शेजारी शेजारी होते. मी ते पान वाचलेले नव्हते.

२०१० च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला त्या संस्थेत हिशेबाचे नवे सॉफ्टवेअर आले. कार्यालयातल्या संगणकांवरून ते सर्व्हरवरच्या माहितीसाठ्यापर्यंत पोचेना. मी मदतकक्षाला फोन केला, वर सांगितलेले वाक्य ऐकले आणि ‘सर्व्हिस आयपीटेबल्स स्टॉप’ अशी आज्ञा दिली. सॉफ्टवेअर चालले. संध्याकाळी भारनियमनात वीज गेली, बॅटरीने दम सोडला, सर्व्हर बसला आणि वीज आल्यावर पुन्हा उठला. उठताना त्याने नेमाने यादी गाभ्यात चढवली आणि सॉफ्टवेअर पुन्हा अडले. दुसऱ्या दिवशी फोनवर मला सांगण्यात आले की, नुसते बंद करून भागत नाही, कायमचे बंद करावे लागते. ‘आत्ता थांब’ आणि ‘यापुढे कधीच उठू नकोस’ या दोन निराळ्या आज्ञा आहेत. मी दुसरीही दिली.

वास्तविक एका दाराला एक फट पाडण्याचे ते काम होते. कार्यालयातल्या संगणकांचे पत्ते आणि माहितीसाठ्याचे एक दार, एवढे एक कलम यादीत घातले असते तर संपले असते. दहा मिनिटे लागली असती. मी ते ‘उद्या’वर ठेवले. तो उद्या अकरा आठवड्यांनी उजाडला.

तो उजाडला तोही योगायोगाने. एका रात्री परभणीत घरी बसून मी त्या सर्व्हरशी जोडणी करत होतो. एरवी मी सुरक्षित बोगद्यातून आत जात असे. त्या रात्री चुकून सर्व्हरचा बाहेरचा, साऱ्या जगाला दिसणारा पत्ता टाकला आणि जोडणी झाली. माहितीसाठ्याने मला अदबीने परवलीचा शब्द विचारला. त्याने मला ओळखही द्यायला नको होती. जे मिळायला नको ते विनासायास मिळाले, म्हणून मी दचकलो. इतके दिवस काहीच बिघडले नव्हते. सगळे सुरळीत चालू होते. आणि सगळे सुरळीत चालणे हेच त्या बिघाडाचे एकमेव लक्षण होते.

मी नोंदी पाहू लागलो. दूरस्थ प्रवेशाच्या नोंदींत अनोळखी पत्त्यांवरून केलेल्या फसलेल्या प्रयत्नांच्या ओळीच्या ओळी होत्या. ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’ अशी नावे घेऊन कोणीतरी रात्रंदिवस कडी वाजवत होते. ती कडी निघालेली नव्हती. पण माहितीसाठ्याच्या दाराची नोंद ठेवलेलीच नव्हती. वेशीवर कोण आले याची नोंद ठेवण्याचे काम फायरवॉलच्या यादीतल्याच एका कलमाकडे होते, आणि यादीबरोबर ते कलमही पुसले गेले होते. राखणदाराला घरी पाठवले तेव्हा हजेरीची वही तोच बरोबर घेऊन गेला. चोरी झाल्याचा पुरावा नव्हता. चोरी न झाल्याचा पुरावा असण्याचीही सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संस्थेत जाऊन मी यादी पुन्हा चढवली, ते एक कलम घातले आणि देखभालीच्या नोंदवहीत लिहिले : ‘फायरवॉल ११ आठवडे बंद होती. आज चालू केली.’ प्रमुखांनी ते वाचले. वर पाहून ते म्हणाले, ‘बंद होती ना? मग बरे झाले.’ आणि त्यांनी सही केली.

त्यांना वेशीची उपमा आठवत होती. वेस बंद होती, म्हणजे कोणी आत आले नाही, असा त्यांनी अर्थ घेतला. माझे वाक्य व्याकरणाने, शब्दाने, सर्वार्थाने खरे होते आणि त्याचा त्यांना लागलेला अर्थ सत्याच्या नेमका उलटा होता. त्या क्षणी मी बोलायला हवे होते. मी बोललो नाही. परतताना एसटीत मला हायसे वाटत होते, हेही कबूल केले पाहिजे. मी खोटे काही लिहिले नव्हते, असे मी स्वतःला बजावत होतो.

चार दिवसांनी मी पुन्हा गेलो आणि त्याच पानावर खाली लिहिले : ‘वरील ११ आठवडे सर्व्हरचे दार जगाला उघडे होते. कोणी आत आले की नाही, हे कळण्याचा मार्ग नाही.’ या वेळी प्रमुखांनी चष्मा काढून ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘मुलांना सांगावे लागेल?’ मी हो म्हणालो. परवलीचे शब्द बदलले. आपली खाती तपासून पाहावीत, अशी सूचना फळ्यावर लागली. कोणाचे पैसे गेल्याची तक्रार आली नाही. पण जात, उत्पन्न आणि पत्ता या गोष्टी पैशांसारख्या नसतात. त्या गेल्या तरी खात्यातली शिल्लक तेवढीच राहते.

या प्रकारानंतर इतर साधनांनी ‘स्टॉप’चा अर्थ कसा लावला आहे, हे मी शोधून वाचू लागलो. पहिला धक्का शोअरवॉलने दिला. टॉम ईस्टेप या गृहस्थांनी हे साधन अनेक वर्षे जवळजवळ एकहाती वाढवले. त्यात ‘स्टॉप’ म्हटले की दारे लागतात. आणीबाणीत ज्यांना येऊ द्यायचे त्यांची एक वेगळी छोटी यादी आधीच लिहून ठेवायची असते. तेवढेच आत येतात, बाकी सगळे बाहेर. सारे मोकळे करायचे असेल तर तिथे ‘क्लिअर’ अशी स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. रेड हॅटच्या पटकथेत जो अर्थ ‘स्टॉप’चा, तो इथे ‘क्लिअर’चा. दोन्ही साधने त्याच गाभ्यात, त्याच स्वरूपाची यादी लिहितात. शब्दही तोच, आणि परिणाम उलटे.

शोअरवॉलच्या मांडणीत एक पर्याय आहे, त्याचे नाव मला फार आवडते : ‘ॲडमिन इज ॲब्सेंटमाइंडेड’, म्हणजे व्यवस्थापक विसरभोळा आहे. याचे उत्तर हो किंवा नाही असे द्यायचे. हो म्हटले तर ‘स्टॉप’ करताना ज्या जोडण्या चालू असतील त्या तोडल्या जात नाहीत आणि त्या यंत्रावरून स्वतः बाहेर जाण्याची मुभाही राहते. म्हणजे दूर बसलेल्या व्यवस्थापकाने भलत्याच वेळी दार लावले तरी त्याचा स्वतःचा पाय उंबऱ्यात राहतो. माणूस विसरणारच, हे गृहीत धरून आणि ते त्याच्याच तोंडून वदवून घेऊन केलेली ही सोय आहे. या विषयावरच्या रूक्ष वाङ्मयात इतका समंजस विनोद मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तिसरे उत्तर डेबियनमध्ये सापडले. तिथे यादी जपून ठेवणारे नेटफिल्टर-पर्सिस्टंट नावाचे साधन आहे. त्याला ‘स्टॉप’ म्हटले तर ते, मांडणीत मुद्दाम वेगळे सांगितले नसेल तर, काहीच करत नाही. यादी पुसायची असेल तर ‘फ्लश’ म्हणा, असे नम्रपणे सुचवते आणि यादी होती तशी ठेवते. दार उघडत नाही आणि लागतही नाही. फेडोराने २०१३ मध्ये आणि रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीने २०१४ मध्ये फायरवॉलडी स्वीकारले, तेव्हा वेशीत खरोखरच कायमचा बसणारा एक कारभारी आला. तो निघून जाताना आपली कलमे पुसून जातो. पण मांडणीतली एक ओळ बदलली तर कलमे मागे ठेवूनही जातो. राखणदार गेला, कुलूप राहिले.

म्हणजे एका ‘बंद’चे तीन अर्थ झाले : उघडे, लावलेले आणि होते तसेच. यांतला बरोबर कोणता?

याचे उत्तर मी रेल्वेकडून शिकलो. मीटरगेजच्या काळात परभणी, पूर्णा या स्थानकांवर हाताचे सिग्नल असत. हात आडवा असेल तर गाडीने थांबायचे. खाली झुकला की निघायचे. ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडी येणार, एवढे आम्हा पोरांना कळे. रेल्वेच्या परिभाषेत मात्र आडव्या, म्हणजे थांबवणाऱ्या सिग्नलला ‘ऑन’ म्हणतात आणि जाऊ देणाऱ्याला ‘ऑफ’. ऐकायला विचित्र वाटते, पण सिग्नलचे काम थांबवणे हे आहे. तो थांबवत असतो तेव्हा कामावर असतो. याहून महत्त्वाचे असे की, केबिनपासून सिग्नलपर्यंत जाणारी तार तुटली तर वजनाच्या ओढीने हात आपोआप आडवा होई. माणूस गेला, तार गेली, तरी गाडी थांबेल, ही तजवीज लोखंडातच करून ठेवलेली होती. कारण तिथे चुकून थांबलेल्या गाडीची किंमत वेळेत मोजायची असते आणि चुकून सुटलेल्या गाडीची माणसांत.

पण म्हणून सर्वत्र लावलेले दारच बरोबर, असेही म्हणता येत नाही. मोठ्या इमारतींत विजेच्या चुंबकाने धरून ठेवलेली दारे असतात. आग लागून वीज गेली की ती उघडलीच पाहिजेत. तेव्हा ‘बंद पडल्यावर काय व्हावे’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. चूक झाली तर ती कोणाच्या माथी जाईल, हे आधी विचारावे लागते. मी ज्या ‘स्टॉप’ची आज्ञा दिली त्यात माझी सोय झाली आणि धोका मुलांच्या माथी गेला. ती आज्ञा लिहिणाऱ्याने माझ्यासारख्याच दूर बसलेल्या माणसाची अडचण डोळ्यांपुढे ठेवली असेल. यादीतल्या नावांपर्यंत त्याची नजर पोचण्याचे कारण नव्हते. ती माझी पोचायला हवी होती.

दुसरी चूकही माझ्याकडून झाली. तिचा इथे उल्लेख करतो, कारण दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय माझे म्हणणे पुरे होत नाही. पहिल्या प्रकाराने धास्तावून मी नवी यादी लिहिली, तिच्या तळाचा सर्वसाधारण हुकूम ‘अडवा’ असा ठेवला. दोन वर्षांनी एका रात्री, परभणीहूनच, ती यादी नव्याने लिहावी म्हणून मी आधी ‘फ्लश’ केली. जुन्या यादीत तळाचा हुकूम ‘सोडा’ होता आणि अडवण्याचे काम शेवटचे कलम करी. तिथे फ्लश केल्यावर सारे मोकळे झाले असते. नव्या यादीत फ्लशने फक्त ‘सोडा’ म्हणणारी कलमे पुसली आणि उरला तो तळाचा ‘अडवा’. आज्ञा तीच, परिणाम उलटा. पडद्यावरचा कर्सर जागीच थिजला. चाळीस किलोमीटर दूरच्या वेशीचे दार मी बाहेरून लावून घेतले होते.

सकाळच्या पहिल्या एसटीने गेलो. खोलीची किल्ली शिपायाकडे, शिपाई शेतावर. अर्ज भरायला आलेली मुले दुपारपर्यंत पायऱ्यांवर बसून राहिली. मला त्या दिवशी सगळ्यांनी बोलून घेतले, आणि ते रास्तच होते. मात्र परतताना एक गोष्ट मनात राहिली. अकरा आठवडे दार उघडे होते तेव्हा मला कोणी एक शब्द बोलले नव्हते. अर्धा दिवस ते लागले तर सगळे गाव गोळा झाले. लागलेले दार ओरडते. उघडे दार गप्प असते. म्हणूनच घाईत सापडलेला प्रत्येक माणूस, दोन्हींपैकी एक निवडायची वेळ आली की, उघडे निवडतो.

प्रमुखांनी येसकराचे नाव घेतले होते ते तेव्हा मला पुन्हा आठवले. रात्री वेस लावणे आणि राखणे हे काम ज्या महार कुटुंबावर गावाने लादलेले असे, त्याचे घर वेशीच्या बाहेर असे. दार राखणारा स्वतः दाराबाहेरचा. ही तुलना मी पुढे नेणार नाही. माझे बाहेर राहणे एका सकाळचे होते, त्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे. परंतु संरक्षणाची कोणतीही यादी वाचताना ‘आत’ कोणाला धरले आहे हे आधी पाहावे, एवढे मी त्यातून घेतले.

शेवटी ‘रीलोड’विषयी लिहायला हवे, कारण हे दोन्ही अपघात टाळण्याची वाट तिथून जाते. यादी बदलायची असेल तर जुन्या पद्धतीत ती आधी पुसत आणि मग नवी कलमे एकेक करून चढवत. पुसण्यापासून शेवटचे कलम चढेपर्यंत जो काळ जाई, त्यात वेस एकतर सताड उघडी असे किंवा घट्ट लागलेली. ‘रीस्टार्ट’ म्हणजे ‘स्टॉप’ आणि पाठोपाठ ‘स्टार्ट’, त्यामुळे त्यातही ही फट असायची. शिवाय रेड हॅटच्या पटकथेत ‘स्टॉप’ करताना गाभ्यातले संबंधित भागही उतरवले जात आणि चालू जोडण्यांची आठवण पुसली जाई.

आमच्याकडे जायकवाडीचा डावा कालवा पाथरी-मानवतच्या बाजूने येतो. ज्यांनी रात्री दारे धरली आहेत त्यांना ही अडचण निराळी समजावून सांगायला नको. दारे धरणारा माणूस पुढच्या वाफ्याचे तोंड आधी फोडतो आणि मगच भरलेल्या वाफ्याचे बुजवतो. क्रम चुकला आणि दोन्ही तोंडे एकदम बुजली तर पाणी थांबत नाही, ते पाटच फोडते. चालू पाण्यात बदल करायचा तर क्रमाला पर्याय नाही.

साधने हे हळूहळू शिकली. आयपीटेबल्स-रीस्टोअर एका तक्त्याची सगळी कलमे एका दमात बदलते. २०१४ च्या जानेवारीत गाभ्यात आलेल्या एनएफटेबल्सने संपूर्ण नवी यादी एकाच व्यवहारात बसवण्याची सोय केली : यादीत एक जरी चूक असली तरी काहीच बदलत नाही, जुनी यादी जशीच्या तशी राहते. फायरवॉलडी रीलोड करताना मधल्या क्षणापुरते नव्यांना थांबवते आणि चालू जोडण्यांना जाऊ देते.

या शेवटच्या वाक्यात एक मेख आहे. रीलोडने चालू जोडण्या तुटत नाहीत, हे तिचे भूषण मानले जाते, आणि बहुतेक वेळा ते आहेच. पण जवळजवळ प्रत्येक यादीच्या आरंभी ‘जे आधीच आत आहेत त्यांना जाऊ द्या’ असे कलम असते. त्यामुळे एखाद्या घुसखोराचा पत्ता अडवण्यासाठी नवे कलम घातले आणि रीलोड केले, तरी त्याची आधीची जोडणी निर्धास्त चालू राहते. नवा कायदा नव्यांना लागू. जुन्याला बाहेर काढायचे तर त्याची नोंद गाभ्याच्या स्मरणातून वेगळी खोडावी लागते. उलट बाजूने हीच मेख व्यवस्थापकालाही फसवते. नवी यादी चढवल्यावर आपला पडदा चालूच असतो, म्हणून आपण समजतो की सगळे ठीक आहे. वास्तविक आपण जुन्या ओळखीवर आत असतो.

आयपीटेबल्स-अप्लाय नावाचे एक छोटे साधन आहे, ते याची दखल घेते. नवी यादी लावल्यावर ते विचारते की, तुम्हाला या यंत्राशी नवीन जोडणी करता येते आहे काय? ‘नवीन’ हा शब्द ते मुद्दाम ठळक करून लिहिते. मुळातली मुदत दहा सेकंदांची. तेवढ्यात ‘हो’ असे उत्तर आले नाही तर ते जुनी यादी परत लावते. ज्याला उत्तर देता येत नाही तो बहुधा बाहेर अडकला आहे, असे ते धरून चालते. माझ्याजवळ त्या रात्री हे असते तर मुले पायऱ्यांवर बसली नसती.

मी आजही हेच काम करतो. सेंटओएसची ती पाचवी आवृत्ती २०१७ मध्ये निवृत्त झाली, तो सर्व्हर त्याच्याही आधी भंगारात गेला. मदतकक्षातला मुलगा अजून तेच सांगतो. मी त्याला विचारतो, ‘कोणते दार, कोणाकरता?’ बहुधा तो गोंधळतो, मग कोणालातरी विचारून एक क्रमांक सांगतो, आणि मी तेवढे एक कलम यादीत घालतो. दहा मिनिटे लागतात.

आणि नोंदवहीत ‘बंद’ हा शब्द मी लिहीत नाही. ‘दार लावले’ असे लिहितो, किंवा ‘राखण काढली’ असे लिहितो, आणि पुढे वेळ टाकतो. सही करणाऱ्याला संगणकातले काही कळत नसले तरी या दोहोंतला फरक कळतो.